मगरिबनंतर

मगरिबच्या अजानआधी मुलींनी घरात असायचे, असा आमच्या घरचा नियम होता. अम्मीला तो तिच्या अम्मीकडून मिळाला होता. हिवाळ्यात मगरिब सहाच्या सुमाराला होते, उन्हाळ्यात सातनंतर. म्हणजे आमचे स्वातंत्र्य सूर्याबरोबर कमी-जास्त होत असे. मे महिन्यात आम्ही तासभर जास्त स्वतंत्र असायचो.

हा नियम काही फक्त मुसलमानांच्याच घरात असतो असे नाही. माझ्या मराठी मैत्रिणींच्या घरी त्याला ‘सातच्या आत घरात’ म्हणत. 2004 साली त्या नावाचा मराठी चित्रपटही आला होता. आमच्याकडे घड्याळाऐवजी अजान होती, एवढाच फरक.

मी तो नियम इमानेइतबारे पाळला. बी.एड. करताना शेवटची तासिका सोडून गाडी पकडली. वर्गाच्या निरोप समारंभाला गेले नाही, कारण तो संध्याकाळी होता. आज माझे वय अडतीस आहे. गोवंडीच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. नियम पाळणाऱ्या मुलींना चांगले रिश्ते येतात असे अम्मी सांगायची. माझे लग्न जमले नाही. त्याचे दुःख आता फारसे राहिलेले नाही, पण हिशेब कुठे चुकला हे मात्र मी अधूनमधून तपासून पाहते.

माझ्या धाकट्या बहिणीने, जिला घरात सगळे छोटी म्हणतात, तो नियम मोडला. तिने तो कशासाठी मोडला आणि तो मोडताना पाहून मी काय केले, हे सांगण्यासाठी लिहिते आहे. यात मी दोनदा खोटे बोलले आहे. तेही सांगणार आहे.

*

आम्ही मूळचे महाड तालुक्यातले. दादा पोटासाठी मुंबईला आले आणि डोंगरीत राहिले. अब्बा क्रॉफर्ड मार्केटमध्ये एका फळांच्या आडत्याकडे मुनीम होते. माझा जन्म डोंगरीतला. तिथल्या रात्रीबद्दल माझ्या दोन आठवणी आहेत. एक रमजानची. तरावीह संपल्यावर गल्लीत उजेडच उजेड, बायका ओट्यावर बसलेल्या, पोरे मालपोव्यासाठी हट्ट करणारी, आणि कुणालाच झोपायची घाई नाही. दुसरी आठवण जानेवारी 1993 ची. मी पाच वर्षांची होते. घरातले दिवे बंद होते, खिडकीला गोधडी लावली होती आणि अब्बा दोन रात्री मार्केटमधून घरी येऊ शकले नव्हते. संचारबंदी होती. अम्मी दाराला टेकून बसली होती. अब्बा तिसऱ्या दिवशी आले. त्या दोन रात्री कशा काढल्या हे त्यांनी आजपर्यंत सांगितलेले नाही. पण तेव्हापासून घरातले कोणी बाहेर असले की ते झोपत नाहीत.

1996 साली घाऊक फळबाजार वाशीला हलला. बाजारामागोमाग आम्हीही खाडी ओलांडली आणि सिडकोने बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो. त्याच वर्षी छोटी जन्मली. म्हणून मी तिला गमतीने म्हणते, मी जुन्या मुंबईची, तू नव्या मुंबईची. तिला डोंगरी माहीत नाही. 1993 तर तिने फक्त ऐकलेले आहे.

नवी मुंबई म्हणजे कागदावर आधी काढलेले आणि मग जमिनीवर उतरवलेले शहर. इथे मोहल्ला नाही, सेक्टर आहे. रस्ते रुंद आहेत, दिवे भरपूर आहेत, पण रात्री दहानंतर त्या उजेडात माणूस दिसत नाही. डोंगरीत अंधारी गल्ली होती, पण प्रत्येक ओट्यावर कोणीतरी बसलेले असे. बाईला सुरक्षित वाटायला दिवा जास्त लागतो की माणूस, हा प्रश्न मला वाशीत आल्यावर पडला.

अब्बांची मात्र सगळी हयात रात्रीतच गेली. फळबाजार सूर्याची वाट पाहत नाही. रत्नागिरी-देवगडहून हापूसचे ट्रक रात्री येतात, माथाडी पेट्या उतरवतात आणि उजाडायच्या आत भाव ठरायला लागतात. आंब्याच्या हंगामात अब्बा रात्री दोनला घर सोडत. आम्ही जागे होईपर्यंत त्यांचा अर्धा दिवस संपलेला असे. त्यांच्या सदऱ्याला पेंढ्याचा आणि आंब्याचा वास यायचा. रात्र म्हणजे अब्बांची, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. ती आपलीही असू शकते असे मनातसुद्धा आले नाही.

*

छोटी शिकली, संगणकात पदवी घेतली आणि महापेच्या एका कंपनीत लागली. तिथे पहिल्यांदा नियमाला तडा गेला, कारण कंपनीची सुट्टी मगरिब पाहून होत नाही. पगार घरात येत होता, म्हणून अम्मीने मगरिबची ईशा केली. म्हणजे नऊ.

मग रविवारची सकाळ आली. नेरूळच्या बाजूला खाडीलगतच्या पाणथळ जागांवर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. तिथे गोल्फ कोर्स आणि इमारती होऊ नयेत म्हणून रहिवासी झगडत होते. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. छोटी कंपनीतल्या मित्र-मैत्रिणींबरोबर हातात फलक धरून तिथे उभी राहू लागली. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात तिची ओढणी आणि अर्धा चेहरा दिसत होता. अब्बांनी तो कापून ठेवला. सकाळचे आंदोलन आमच्या घराला चालत होते.

नंतर नाटक आले. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. आमच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर. मी त्याच्यासमोरून वीस वर्षे ये-जा केली होती, पण पायरी चढले नव्हते. छोटी तिकीट काढून आत गेली. एकदा रात्रीच्या प्रयोगाला गेली आणि पावणेबाराला घरी आली. अम्मी दारात उभी होती. छोटीने सांगितले, “नाटक तीन अंकी होते, मी काय करू?” अम्मीला हसू आले आणि त्या रात्री ती वाचली.

त्यानंतर तिने मला पृथ्वी थिएटरला नेले. ‘इस्मत आपा के नाम’ होते. नसीरुद्दीन शाह यांच्या मोटली या संस्थेचा प्रयोग. इस्मत चुगताईंच्या कथा, एका वेळी एक कलावंत, रंगमंचावर जवळजवळ काहीच नाही, फक्त कथा. मी उर्दूची शिक्षिका. इस्मत आपांचे नाव मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल. बी.एड.ला ‘अध्यापनात नाट्याचा उपयोग’ या प्रश्नाचे मी दोन पाने उत्तर लिहिले होते आणि चांगले गुणही मिळवले होते. आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत एकही नाटक पाहिले नव्हते! समोर माझ्या भाषेतली बाई बोलत होती, बाजूला बसलेले गुजराती जोडपे खदाखदा हसत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते. दुःखाचे नव्हते. आपल्या घरचे दागिने दुसऱ्यांच्या कपाटात सापडावेत तसे काहीतरी.

इस्मत आपांनीही बी.ए.नंतर शिक्षकाची पदवी घेतली होती, मुंबईत शाळा निरीक्षक म्हणून नोकरी केली होती. म्हणजे त्या माझ्याच पेशातल्या. परतताना अंधेरी, वडाळा, वाशी अशा गाड्या बदलत आम्ही साडेबाराला पोहोचलो. जिन्यात सोसायटीचे एक पदाधिकारी भेटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अब्बांना गाठून सांगितले, “मुली रात्री उशिरा येतात. सेफ्टीच्या दृष्टीने सांगतो हो.” अब्बांनी मान हलवली. आम्हाला काही बोलले नाहीत. पण रात्री त्यांनी जेवताना पोळी अर्धी ठेवली.

नाटक हे आपल्या समाजाचे काम नव्हे, असे माझ्या शाळेतल्या एक ज्येष्ठ शिक्षिका म्हणाल्या. मी त्यांना आठवण करून दिली की ग्रँट रोडच्या पारशी नाटक कंपन्या उर्दूतच नाटके करायच्या आणि आगा हश्र काश्मीरी त्या कंपन्यांचे नाटककार होते. महाराष्ट्राच्या रस्त्यावर रात्र रात्र गाणारे शाहीर अमर शेख तर बार्शीचे मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत आमचे दादा त्यांच्या सभांना जायचे आणि पहाटे घरी यायचे, हे अब्बा कौतुकाने सांगतात. छोटीने ते ऐकून एकदाच विचारले, “तेव्हा दादांना जिन्यात कोणी अडवले होते का?”

*

डिसेंबर 2019 मध्ये संसदेने नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर केला. 19 डिसेंबरला ऑगस्ट क्रांती मैदानावर मोठी सभा झाली. छोटी कंपनीतून थेट तिकडे गेली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जेएनयूमधल्या हल्ल्याविरुद्ध विद्यार्थी गेट वे ऑफ इंडियासमोर रात्रभर बसले, तिथेही ती होती. त्या रात्री तिच्या मोबाइलची बॅटरी संपली. अब्बा दीड वाजल्यापासून वाशी स्टेशनच्या पायऱ्यांवर उभे राहिले. शेवटची गाडी रिकामी झाली तरी ते हलले नाहीत. ती पहाटेच्या पहिल्या गाडीने आली तेव्हा ते तिथेच होते. एका हाताने कठड्याला धरलेले. छोटीची चूक होती आणि ती तिने कबूल केली. स्वातंत्र्य घेणाऱ्याने घरी एक फोन करायचा असतो, तोही लढ्याचाच भाग आहे, असे मी तिला सुनावले. तिने ते ऐकून घेतले.

26 जानेवारी 2020 च्या रात्री नागपाड्याला मोरलँड रोडवर बायका बसल्या. दिल्लीच्या शाहीन बागेवरून लोक त्याला मुंबई बाग म्हणू लागले. आणि योगायोग पाहा. 27 जानेवारीपासून मुंबईत मॉल आणि हॉटेले चोवीस तास उघडी ठेवायला सरकारने परवानगी दिली. एकाच वेळी मुंबईच्या रात्रीला दोन दरवाजे उघडले होते. एका दारातून खरेदीला जायचे होते, दुसऱ्यातून हक्क मागायला.

मी एका शनिवारी छोटीबरोबर नागपाड्याला गेले. रविवारी शाळा नव्हती. अनुदानित शाळेतली शिक्षिका आंदोलनात दिसली तर काय होईल, ही भीती होतीच. मी एरवी नकाब घेत नाही. त्या रात्री घेतला. माझा नकाब धर्मासाठी नव्हता, नोकरीसाठी होता.

तिथे जे पाहिले ते विसरणार नाही. आमच्या अम्मीच्या वयाच्या बायका रस्त्यावर सतरंजीवर बसल्या होत्या. मांडीवर नातवंडे झोपलेली. कोणी राज्यघटनेची उद्देशिका वाचत होते, बायका मागून म्हणत होत्या. मी नागरिकशास्त्र शिकवताना ती पोरांकडून पाठ करून घेते. मधेच एखादा शब्द गाळला तर गुण कापते. इथे एक आजी ‘बंधुता’वर अडखळली, तिने तो शब्द पुन्हा म्हटला, आणि मग पुन्हा एकदा, नुसता चव घेतल्यासारखा. पहाटे दोन वाजता चहा आला. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यावर बसून रात्रीचा चहा प्यायले. थंडी होती, पोलीस उभे होते, आणि मला अजिबात भीती वाटत नव्हती. कारण आजूबाजूला बायका होत्या. वाशीत पडलेल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले.

अम्मीने आम्हाला त्या रात्री डबा बांधून दिला होता. मगरिबचा नियम करणाऱ्या अम्मीने! नागपाड्याला जाते म्हटल्यावर तिने विचारलेसुद्धा नाही की परत किती वाजता.

सोमवारी नववीच्या वर्गात एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. डोळे चमकत होते. म्हणाली, “टीचर, शनिचर की रात अम्मी ने आपको नागपाडे में देखा. आपकी आवाज पहचान ली.” माझ्या तोंडून ताबडतोब निघाले, “नहीं बेटा, मैं तो घर पे थी.” तिच्या डोळ्यांतली चमक गेली. ती “जी टीचर” म्हणून बाकावर जाऊन बसली. हे माझे पहिले खोटे.

मार्चमध्ये करोना आला, नागपाड्याच्या बायका उठल्या, आणि सगळ्या देशाने तोंड झाकले.

*

टाळेबंदी संपली, शहर उघडले, पण आमच्या घराचे दार पुन्हा नऊला बंद होऊ लागले. आता आंदोलन नाही, मग रात्री बाहेर काय काम? अम्मीचा प्रश्न तिच्या दृष्टीने बरोबर होता. छोटीला मात्र काम नव्हतेच. वाशीला खाडीकाठी मिनी सी-शोअर आहे. महिन्यातून एखाद्या शनिवारी ती मैत्रिणींबरोबर तिथे बसू लागली. सायकलवाल्याचा चहा, भुईमुगाच्या शेंगा, गाणी. अकरा-साडेअकरापर्यंत. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत फोर्टात फिरून शेवटच्या आधीच्या गाडीने यायची. एवढेच तिचे नाईट लाईफ.

अब्बांना हा शब्द सहन होत नसे. या भागात नाईट लाईफ म्हटले की जुन्या माणसांना डान्स बार आठवतात. 2005 साली राज्य सरकारने त्यांवर बंदी आणली होती, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. त्या सगळ्या गदारोळात रात्र हा शब्दच बदनाम झाला. रात्री बाहेर असलेला पुरुष कामावरून येत असतो आणि रात्री बाहेर असलेली बाई ‘तसली’ असते, एवढी सोपी विभागणी.

2022 च्या हिवाळ्यात पनवेलच्या बाजूचा एक रिश्ता आला. माणसे चांगली होती. मुलगा शिकलेला, घर आपल्याच कोकणी लोकांतले. मुलाच्या फुफीने शरबताचा ग्लास खाली ठेवत अगदी गोड आवाजात विचारले, “सुनते हैं बच्ची को रात में देर हो जाती है?” अम्मी माझ्याकडे पाहू लागली. मी शिक्षिका, माझ्या शब्दाला वजन. मी म्हटले, “शनिवारी तिचा क्लास असतो. कंपनीचाच.” फुफी समाधानाने हसल्या.

हे माझे दुसरे खोटे. छोटी स्वयंपाकघरात होती. तिने ऐकले.

माणसे गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. म्हणाली, “बाजी, मी मिनी सी-शोअरला शेंगा खाते. तू त्याला क्लास का म्हणालीस? लाज वाटण्यासारखे मी काय केले?”

मी म्हटले, “लोकांना समजत नाही ग. तुझ्या भल्यासाठीच.”

“नागपाड्याला तू माझ्या शेजारी बसली होतीस. अम्मीने डबा दिला होता. कौमसाठी रात्रभर बसले तर मी शेरनी, आणि स्वतःसाठी दोन तास बसले तर बिघडलेली. रात्र तीच, मुलगी तीच. मग बदलले काय?”

मला उत्तर देता आले नाही. मी मनात मोजू लागले. आमच्या घरातल्या बायका मगरिबनंतर कधी बाहेर पडल्या? लग्न असेल तर. मौत असेल तर. कोणी इस्पितळात असेल तर. रमजानचा बाजार असेल तर. 2020 साली त्यात कौमची भर पडली. पाचही कारणे दुसऱ्यांची. सहावे कारण, म्हणजे बाईला स्वतःला बाहेर बसावेसे वाटले, हे कुठल्याच यादीत नव्हते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी 2011 साली ‘व्हाय लॉयटर?’ नावाचे पुस्तक लिहिले. बायकांना शहरात काही कामाशिवाय, नुसते रेंगाळण्याचाही हक्क असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. छोटीने ते मला पूर्वीच वाचायला दिले होते. मी ते वाचून तिला परत केले होते आणि चांगले आहे म्हटले होते. परीक्षेच्या उत्तरासारखे.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्या सात बायकांबद्दल आपण वारंवार लिहितो, बोलतो. मला आता वाटते, त्या सातजणी त्या दिवशी अचानक निघाल्या नसतील. त्याआधी कधीतरी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर, कुणाला न विचारता, साध्याच कारणासाठी पडल्या असतील. जी बाई कधी हसायला बाहेर पडली नाही, ती हक्क मागायला बाहेर पडेल, पण हक्क मिळाल्यावर पुन्हा घरातच जाऊन बसेल. नागपाड्यानंतर आम्ही बसलोच होतो की.

छोटीने दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन केला. बाजी चुकून क्लास म्हणाली, मी मैत्रिणींबरोबर फिरायला जाते, लग्नानंतरही अधूनमधून जाईन, असे तिने मुलाला सांगितले. दोन दिवसांनी निरोप आला, की मुलगी आमच्या घराच्या मानाने जास्त शिकलेली आहे. अम्मी महिनाभर तिच्याशी नीट बोलली नाही. माझ्याशीही नाही. माझे खोटे पकडले गेले म्हणून की खोटे कामी आले नाही म्हणून, ते मी विचारले नाही.

*

अब्बा या सगळ्यात गप्प होते. ते आता बाजारात जात नाहीत, गुडघे थकले आहेत. एके दिवशी छोटी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “अब्बा, आयुष्यभर तुम्ही रात्री कुठे जात होता, ते आम्ही कधी पाहिलेच नाही. एकदा दाखवा.”

मला वाटले ते नाही म्हणतील. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेट्या संपायच्या आत चला.”

2023 च्या मे महिन्यात, रात्री तीन वाजता, आम्ही तिघे रिक्षाने फळबाजारात गेलो. आत शिरताच आंब्याचा वास असा आला की मी पाच-सात वर्षांची होऊन गेले. ट्रकांच्या रांगा, माथाड्यांच्या डोक्यावरून धावणाऱ्या पेट्या, पिवळे दिवे, आरडाओरडा. दिवसा झोपलेले वाटणारे हे शहर इथे पुरते जागे होते. बायका फार थोड्या दिसल्या. लोकांनी वळून पाहिले. एका म्हाताऱ्या हमालाने अब्बांना ओळखले आणि विचारले, “मुनीमजी, ह्या कोण?” अब्बा म्हणाले, “माझ्या मुली. बाजार बघायला आल्यात.”

बघायला. काही घ्यायला नाही, कुणाला आणायला नाही. नुसते बघायला. अब्बांच्या तोंडून ते सहावे कारण आले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांनी आम्हाला जुन्या पद्धतीचा सौदा कसा व्हायचा ते दाखवले. आडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरत, बोटांनीच भाव सांगत, आजूबाजूच्यांना कळत नसे. अब्बांनी खिशातला रुमाल काढून छोटीचा हात खाली घेतला आणि तिची बोटे दाबून म्हणाले, “बोल, किती सांगितले?” तिला काही कळले नाही. दोघेही हसत सुटले. स्टेशनच्या पायरीवर कठडा धरून उभे राहिलेले अब्बा मला आठवले. माणूस रात्रीला एवढा घाबरतो, कारण त्याला ती इतकी माहीत असते. 1993 त्यांच्या मनातून जाणार नाही, आणि जावे असे मी म्हणणारही नाही. पण त्या दोन रात्रींपेक्षा त्यांच्या आयुष्यात हजारो चांगल्या रात्री होत्या. त्या त्यांनी आम्हाला कधी दिल्याच नव्हत्या. फक्त त्या दोन दिल्या होत्या.

फजरच्या सुमाराला घरी आलो. अम्मीने दार उघडले. आम्हा तिघांच्या हातात एकेक पेटी पाहून तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “एवढे आंबे कोण खाणार?” महिन्यांनंतर तिचा तो नेहमीचा आवाज ऐकला.

*

त्याच वर्षी जूनमध्ये नववीतली ती मुलगी शाळेत कागदपत्रे घ्यायला आली. आता कॉलेजात शिकते. कार्यालयाबाहेर माझ्या पाया पडू की नको अशी घोटाळत उभी राहिली. मी तिला बाजूला घेतले आणि म्हटले, “बेटा, त्या रात्री तुझ्या अम्मीने बरोबर ओळखले होते. मी नागपाड्याला होते. तुला खोटे सांगितले.”

ती हसली. म्हणाली, “पता था, टीचर.”

तिला माहीत होते. म्हणजे तीन वर्षे माझे खोटे तिने माझ्या वतीने सांभाळले होते. शिक्षकाने मुलांना काय शिकवावे यावर बी.एड.ला बरेच काही होते. मुलांनी शिक्षकाला केव्हा माफ करावे, यावर काही नव्हते.

छोटीचे लग्न अजून झालेले नाही. ती एकोणतीस वर्षांची आहे. एप्रिल 2024 मध्ये नेरूळच्या ज्याला सगळे डीपीएस तलाव म्हणतात तिथे फ्लेमिंगो मरून पडले. भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग बंद झाल्याने तलाव सुकला, अशी पक्षिप्रेमींची तक्रार होती. छोटी पुन्हा फलक घेऊन उभी राहिली. सकाळी उभी राहिली, आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खाडीकाठी बसली. मधून मधून मीही जाते. शेंगा खाते. निघताना अब्बांना फोन करते.

मगरिबचा नियम आमच्या घरात अजून आहे. अजान झाली की अम्मी जानमाज अंथरते आणि घरात जी असेल ती नमाजला उभी राहते. जी घरात नसेल तिच्याबद्दल अम्मी अजून विचारते. पूर्वी विचारायची, “कुठे आहे?” आता विचारते, “जेवून येणार की घरी जेवणार?” तेवढ्यासाठी आम्हाला एवढी वर्षे लागली.